लिनक्स सर्व्हरवर सेटिंग बदलताना: ऑप्शन, कॉन्फिग फाईल आणि प्रत्यक्षात लागू झालेली व्हॅल्यू

फाईलमधली ओळ बदलली, सर्व्हिस रिस्टार्ट केली, एररचा एक शब्द आला नाही, आणि तरी सर्व्हर पहिल्यासारखाच वागतोय. अशा वेळी बहुतेक जण लिहिलेली व्हॅल्यू पुन्हा पुन्हा तपासत बसतात. ती सहसा बरोबरच असते. तीच सेटिंग आणखी कुठेतरी लिहिलेली असते आणि प्रोग्रामने तिचं ऐकलेलं असतं, किंवा तुमची फाईल त्याने वाचलेलीच नसते, किंवा वाचली असली तरी जुनी प्रोसेस अजून जुन्याच सेटिंगवर चालू असते. म्हणून फाईलमध्ये काय लिहिलंय यावर विसंबायचं नाही. प्रोग्रामलाच विचारायचं की तू आत्ता नेमका कशावर चालतोयस. जवळपास प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे विचारायची सोय असते. बदल करण्याआधी एकदा आणि केल्यावर एकदा ती वापरली, की निम्मी डोकेदुखी वाचते.

पुढच्या कमांड आणि पाथ देवनागरीत दिले आहेत; टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. देवनागरीत स्मॉल-कॅपिटल फरक दिसत नाही, त्यामुळे जिथे तो महत्त्वाचा आहे तिथे शब्दांत सांगितला आहे.

कोणाचं चालतं

साधारण क्रम असा असतो: प्रोग्रामच्या आत ठरलेली डिफॉल्ट व्हॅल्यू, तिच्यावर /ईटीसी मधली फाईल, तिच्यावर युजरच्या होम डिरेक्टरीतली फाईल, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि सगळ्यांत वर कमांड लाईनवरचा ऑप्शन. हा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण एकाच पातळीवर दोन फाईलींत किंवा एकाच फाईलीत दोनदा तीच सेटिंग आली, तर काय होतं हे तो सांगत नाही. आणि खरी गडबड तिथेच होते.

बरेच प्रोग्राम शेवटची ओळ मानतात. सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) एकेरी सेटिंग, सिसकंट्रोल (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या सेटिंग), मायएसक्यूएल हा डेटाबेस, सुडोअर्स (सुडो वापरून रूटचे अधिकार कोणाला मिळतात ते ठरवणारी फाईल) हे सगळे शेवटच्याचं ऐकणारे. ओपनएसएसएच (रिमोट लॉगिनचा प्रोग्राम) मात्र उलटं: ज्या सेटिंगची व्हॅल्यू पहिल्यांदा सापडते तीच कायम, नंतरच्या ओळीकडे तो बघतही नाही. हे सर्व्हरला आणि क्लायंटला दोघांनाही लागू आहे. क्लायंटच्या फाईलीत 'होस्ट *' हा सर्वांसाठीचा भाग शेवटी लिहायला सांगतात तो याचसाठी. तो वर ठेवला तर खालच्या प्रत्येक होस्टच्या खास सेटिंगला अर्थ उरत नाही. फाईल बघून खात्री नसेल तर 'एसएसएच -जी सर्व्हरचंनाव' चालवा, यातला जी कॅपिटल. कनेक्शन न करता तो अंतिम व्हॅल्यूंची यादी छापतो: युजर, पोर्ट, की-फाईल, सगळं.

एसएसएचडी: एक सेटिंग शेवटपर्यंत

एसएसएचडी म्हणजे ओपनएसएसएचचा सर्व्हर. त्यात पासवर्डने लॉगिन बंद करायचं आहे असं धरू. /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग उघडून 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' लिहिलं आणि रिस्टार्ट केलं, तरी क्लाउडवरच्या उबंटू सर्व्हरवर पासवर्ड चालूच राहिल्याचं अनेकदा आढळतं. कारण फाईलीच्या सुरुवातीलाच आहे. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, एसएसएचडीच्या फाईलीत 'इन्क्लूड' ओळ चालते. डेबियन आणि उबंटू ती ओळ अगदी वर ठेवतात आणि तिच्यातून एसएसएचडी_कॉन्फिग.डी या डिरेक्टरीतल्या .कॉन्फ फाईली वाचतात. पहिली व्हॅल्यू जिंकते, त्यामुळे त्या डिरेक्टरीतली कुठलीही फाईल मुख्य फाईलीला भारी पडते. क्लाउड-इनिट (क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणारा प्रोग्राम) तिथे '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' ही फाईल तयार करतं आणि तिच्यात 'पासवर्डऑथेंटिकेशन येस' असू शकतं.

इथे दुसरा गोंधळ होतो. सिसकंट्रोलची सवय असलेला माणूस आपली फाईल '९९' या आकड्याने सुरू करतो, म्हणजे ती शेवटी वाचली जाईल. एसएसएचडीमध्ये शेवटी वाचलेली फाईल हरते. इथे '१०-हार्डनिंग.कॉन्फ' असं लहान आकड्याचं नाव द्यायला हवं.

आता पायऱ्या. आधी सध्याची स्थिती:

सुडो /यूएसआर/एसबिन/एसएसएचडी -टी | ग्रेप -आय पासवर्डऑथ

इथला टी कॅपिटल आहे. कॅपिटल टी सगळ्या फाईली वाचून झाल्यावरची अंतिम यादी छापतो. स्मॉल टी फक्त व्याकरण तपासतो आणि चूक नसेल तर गप्प बसतो. पाथ पूर्ण लिहायचा, कारण साध्या युजरच्या पाथमध्ये एसबिन बऱ्याचदा नसतो. सुडो लागतो, कारण होस्ट-की वाचायच्या असतात. यादीतली नावं सगळी स्मॉल अक्षरांत छापली जातात, म्हणून ओळी शोधणाऱ्या ग्रेपला -आय, म्हणजे तो स्मॉल-कॅपिटल भेद करत नाही.

मग एसएसएचडी_कॉन्फिग.डी मध्ये '१०-हार्डनिंग.कॉन्फ' ही नवी फाईल करा. तिच्यात 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' आणि त्याच्या खाली 'केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो'. दुसरी ओळ विसरू नका. पॅम (लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासणारी लिनक्सची व्यवस्था) चालू असेल आणि ही दुसरी सेटिंग 'येस' असेल, तर पासवर्डचा प्रॉम्प्ट त्या वाटेने परत येतो आणि पहिली ओळ लिहूनही उपयोग होत नाही. जुन्या आवृत्त्यांत हिचं नाव 'चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन' होतं.

पुन्हा स्मॉल टी, पुन्हा कॅपिटल टी. आता यादीत 'नो' दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर सर्व्हिसला हात लावायच्या आधीच तुम्हाला कळलं की कुठलीतरी दुसरी फाईल आडवी येतेय. ती शोधायला /ईटीसी/एसएसएच वर 'ग्रेप -आरआयएन' चालवा. फाईलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक दोन्ही मिळतात.

फाईलीत 'मॅच' ब्लॉक (ठराविक युजर, ग्रुप किंवा पत्त्यापुरत्या सेटिंग) असेल तर आणखी काळजी घ्या. 'मॅच' सुरू झाला की पुढचा 'मॅच' येईपर्यंत किंवा फाईल संपेपर्यंतच्या सगळ्या ओळी त्याच्या आत धरल्या जातात. ओळी आत सरकवून लिहिल्या किंवा नाही, याने काहीही फरक पडत नाही. त्यामुळे फाईलीच्या तळाशी घाईघाईत जोडलेली ओळ बऱ्याचदा फक्त एका ग्रुपपुरती लागू होते. शिवाय नुसता कॅपिटल टी 'मॅच'च्या अटी जमेत धरत नाही; त्यासाठी कॅपिटल सी हा ऑप्शन देऊन 'युजर=', 'होस्ट=', 'अ‍ॅडर=' या तीन गोष्टी स्वल्पविरामाने जोडून द्याव्या लागतात. मग त्या युजरला, त्या पत्त्यावरून आल्यावर, काय लागू होईल ते दिसतं.

पहिली व्हॅल्यू जिंकते या नियमाला अपवाद आहेत. 'पोर्ट', 'लिसनअ‍ॅड्रेस' आणि 'अलाउयुजर्स' या ओळी एकमेकींत मिसळतात. दोन ठिकाणी दोन पोर्ट लिहिले तर सर्व्हर दोन्हींवर ऐकतो. जुना पोर्ट बंद झालाय असं गृहीत धरू नका, 'एसएस -टीएलएनपी' ने बघा. यातली सगळी अक्षरं स्मॉल. उबंटू २४.०४ मध्ये पोर्ट उघडायचं काम एसएसएच.सॉकेट हे युनिट करतं, त्यामुळे फाईलीत पोर्ट बदलल्यावर 'सिस्टिमसीटीएल डेमन-रिलोड' आणि त्यानंतर एसएसएच.सॉकेट रिस्टार्ट, हे दोन्ही करावं लागतं. ज्या सर्व्हरवर एसईलिनक्स (जास्तीची सुरक्षा-व्यवस्था) चालू आहे तिथे नव्या पोर्टला परवानगीही द्यावी लागते: 'सीमॅनेज पोर्ट -ए -टी एसएसएच_पोर्ट_टी -पी टीसीपी २२२२'.

कमांड लाईन फाईलीवर मात करते याचं स्पष्ट उदाहरण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये आहे. तिथे कॉन्फिग फाईलीत 'सायफर्स' (एन्क्रिप्शनच्या पद्धतींची यादी) कितीही बदला, फरक पडत नाही. सिस्टिमची क्रिप्टो-पॉलिसी सायफरची यादी सर्व्हिस सुरू करतानाच ऑप्शन म्हणून देते. आपली यादी लावायची तर /ईटीसी/सिसकॉन्फिग/एसएसएचडी मधली 'क्रिप्टो_पॉलिसी=' ही ओळ कॉमेंटमधून बाहेर काढावी लागते. असं काही होतंय अशी शंका आली की चालू प्रोसेसची पूर्ण कमांड बघायची: 'पीएस -डब्ल्यूडब्ल्यू -ओ एआरजीएस -पी' आणि पुढे प्रोसेस आयडी. डब्ल्यू दोनदा दिला की ओळ टर्मिनलच्या रुंदीवर कापली जात नाही.

स्वतःला बाहेर न कोंडता लागू करणं

रिमोट सर्व्हरवर एसएसएच, फायरवॉल किंवा नेटवर्क बदलताना चालू सेशन उघडं ठेवायचं आणि तपासणी दुसऱ्या सेशनमधून करायची. एसएसएचडी रिस्टार्ट झाला तरी जोडलेली सेशन सहसा टिकतात, म्हणून ती दोरी हातात राहते. त्याही आधी नवी फाईल वेगळ्या पोर्टवर चालवून बघता येते:

सुडो /यूएसआर/एसबिन/एसएसएचडी -डी -पी २२२२ -एफ /रूट/नवी_कॉन्फिग

स्मॉल डी म्हणजे डीबग मोड. हा एसएसएचडी फोरग्राउंडला राहतो, एकच कनेक्शन घेतो, प्रत्येक टप्प्यावर काय झालं ते छापतो आणि कनेक्शन संपलं की स्वतः बंद होतो. मुख्य सर्व्हिसला धक्काही लागत नाही.

त्याहून मोठा आधार म्हणजे आपोआप मागे फिरण्याची सोय. बदल लागू करण्याआधी दहा मिनिटांचा टायमर लावा:

सुडो सिस्टिमडी-रन --युनिट=मागेफिर --ऑन-अ‍ॅक्टिव्ह=१०मिन /बिन/एसएच -सी 'एमव्ही /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी/१०-हार्डनिंग.कॉन्फ /रूट/ && सिस्टिमसीटीएल रिलोड एसएसएच'

यातला सी स्मॉल. युनिटचं नाव रोमन अक्षरांत काहीही ठेवा. रेड हॅटच्या घराण्यात सर्व्हिसचं नाव एसएसएच नसून एसएसएचडी आहे. दुसऱ्या सेशनमधून लॉगिन झालं, की 'सिस्टिमसीटीएल स्टॉप मागेफिर.टायमर' करून टायमर रद्द करा. नाही झालं, तर दहा मिनिटांत फाईल आपोआप बाजूला होईल. अट एकच: ज्या कमांडवर भरवसा ठेवणार ती आधी हाताने चालवून बघितलेली असावी.

रिलोड आणि रिस्टार्ट यांतला फरकही इथेच महत्त्वाचा. रिलोडमध्ये प्रोसेस तीच राहते आणि फाईली पुन्हा वाचते. रिस्टार्टमध्ये ती मरते आणि नवी जन्मते. एन्जिनएक्ससारखा वेब सर्व्हर रिलोडच्या वेळी नवी फाईल चुकीची निघाली, तर जुन्या सेटिंगवर काम चालू ठेवतो. रिस्टार्टमध्ये तेवढी माया नाही. चूक असेल तर सर्व्हिस उठतच नाही. म्हणून आधी तपासणी, मग रिलोड, आणि रिस्टार्ट फक्त सेटिंगला तो लागतोच तेव्हा.

सिस्टिमडी: डिस्क, मेमरी आणि प्रोसेस

सर्व्हिसला कमांड लाईनचा ऑप्शन द्यायचा म्हणजे तिच्या युनिट फाईलीत (ती कशी चालवायची हे सिस्टिमडी जिथे वाचतं ती फाईल) द्यायचा. /यूएसआर/लिब मधली मूळ फाईल कधीही बदलू नका. पॅकेज अपडेट झालं की तुमचा बदल पुसला जातो. 'सिस्टिमसीटीएल एडिट सर्व्हिसचंनाव' वापरा. ते /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम खाली त्या सर्व्हिसच्या नावापुढे .डी लावलेली डिरेक्टरी करून आत 'ओव्हरराइड.कॉन्फ' ठेवतं. तिथे फक्त बदललेल्या ओळी लिहायच्या.

सुरू होण्याची कमांड बदलताना आधी ती रिकामी करावी लागते:

[सर्व्हिस]
एक्झेकस्टार्ट=
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/प्रोग्राम --कॉन्फिग /ईटीसी/प्रोग्राम.कॉन्फ --पोर्ट ८०८१

पहिली रिकामी ओळ राहिली, तर सिस्टिमडीच्या दृष्टीने एका सर्व्हिसला दोन सुरुवातीच्या कमांड झाल्या. 'वनशॉट' (एकदा चालून संपणारा) प्रकार सोडून बाकी कुठल्याही सर्व्हिसला ते चालत नाही, आणि तो युनिट लोड करायलाच नकार देतो.

ही ओळ शेल वाचत नाही हेही ध्यानात ठेवा. पाइप, आउटपुट फाईलीत वळवण्याचं चिन्ह, होम डिरेक्टरीसाठीची लाट (~), दोन कमांड जोडणारे '&&', हे सगळं प्रोग्रामला साधं अक्षर म्हणून जातं. टक्क्याच्या चिन्हाला सिस्टिमडीत खास अर्थ आहे, त्यामुळे खरा टक्का हवा असेल तर तो दोनदा लिहा. एन्व्हायर्नमेंटफाईलमध्ये ओळीआधी 'एक्सपोर्ट' लिहिलं तर ती ओळ टाकून दिली जाते, आणि तिथे डॉलर लावून दुसऱ्या व्हेरिएबलची व्हॅल्यू येत नाही. टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट सर्व्हिस म्हणून चालत नाही, यामागे बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी असतं.

बदल केल्यावर तीन वेगळ्या गोष्टी तपासायच्या. 'सिस्टिमसीटीएल कॅट' डिस्कवरच्या सगळ्या फाईली एकापाठोपाठ, त्यांच्या पाथसह दाखवतं. 'सिस्टिमसीटीएल शो -पी एक्झेकस्टार्ट' सिस्टिमडीने मेमरीत काय घेतलंय ते सांगतं. फाईल हाताने बदलून 'डेमन-रिलोड' राहिलं असेल, तर या दोघांत फरक दिसतो. आणि 'पीएस' चालू प्रोसेस कशावर उभी आहे ते दाखवतं. पहिल्या दोन बरोबर आणि तिसरी जुनी, याचा अर्थ रिस्टार्ट बाकी आहे. याच पद्धतीने /प्रॉक/आयडी/एन्व्हायरॉन मध्ये (आयडीच्या जागी प्रोसेस आयडीचा आकडा) प्रोसेस सुरू होतानाचं एन्व्हायर्नमेंट वाचता येतं.

उघड्या फाईलींची मर्यादा हा याच जातीचा नेहमीचा प्रश्न. डेटाबेस किंवा वेब सर्व्हर 'टू मेनी ओपन फाईल्स' म्हणतो, आणि सल्ला मिळतो की /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये आकडा वाढवा. ती फाईल पॅमचं मॉड्यूल लॉगिनच्या वेळी वाचतं. सिस्टिमडीने सुरू केलेली सर्व्हिस लॉगिन करत नाही, म्हणून तिला त्या आकड्याचा पत्ताच नसतो. ओव्हरराइड फाईलीत 'लिमिटएनओफाईल=६५५३६' लिहा, रिस्टार्ट करा आणि /प्रॉक/आयडी/लिमिट्स मध्ये 'मॅक्स ओपन फाईल्स' ही ओळ बघा. तिथे दोन आकडे असतात, सॉफ्ट आणि हार्ड. सिस्टिमडी २४० पासून सर्व्हिससाठी डिफॉल्ट हार्ड मर्यादा ५,२४,२८८ आहे, सॉफ्ट मात्र १०२४ च. आणि प्रोग्राम स्वतः वाढवत नसेल तर त्याला सॉफ्टचाच आकडा आडवा येतो.

फाईलीचं नाव चुकलं की

'.डी' ने संपणाऱ्या डिरेक्टरी दिसायला सारख्या असतात, पण कुठली फाईल घ्यायची याचे नियम प्रत्येकीचे वेगळे. एसएसएचडीच्या इन्क्लूड ओळीत फक्त .कॉन्फ ने संपणाऱ्या फाईली बसतात. सुडोअर्स.डी मध्ये उलट: नावात कुठेही टिंब असेल किंवा शेवटी लाटेचं चिन्ह असेल तर फाईल मुकाट्याने वगळली जाते. म्हणजे 'डिप्लॉय.कॉन्फ' हे व्यवस्थित वाटणारं नाव तिथे निरुपयोगी, नुसतं 'डिप्लॉय' हवं. डेबियनवर क्रॉन.डी मध्येही (क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) टिंब चालत नाही, आणि तिथल्या ओळीत वेळेच्या पाच रकान्यांनंतर युजरचं नाव लागतं, जे क्रॉनटॅब -ई मध्ये लागत नाही.

एन्जिनएक्सची साइट्स-एनेबल्ड डिरेक्टरी डेबियनवर बॅकअपसकट सगळं वाचते. एडिटरने तिथे जुन्या फाईलीची प्रत ठेवली की तीही सर्व्हर ब्लॉक म्हणून घेतली जाते, आणि 'डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हर' अशी तक्रार येते. बॅकअप नेहमी दुसऱ्या डिरेक्टरीत ठेवा. खरंच काय वाचलं गेलं ते 'एन्जिनएक्स -टी' मध्ये कॅपिटल टी देऊन पाहता येतं. प्रत्येक फाईल नावासकट छापली जाते. एन्जिनएक्सचा एक वेगळा फासही इथेच सांगायला हवा: आतल्या 'लोकेशन'मध्ये एकही 'अ‍ॅड_हेडर' ओळ आली, तर बाहेरच्या पातळीवरच्या सगळ्या 'अ‍ॅड_हेडर' ओळी त्या लोकेशनपुरत्या गळतात. एक हेडर वाढवायला जाऊन सुरक्षेचे चार हेडर जातात.

लॉगरोटेटला (जुने लॉग बाजूला करणारा प्रोग्राम) आपली कॉन्फिग फाईल ग्रुपला लिहिता येण्याजोगी असेल तर ती नको असते. परवानग्यांची तक्रार करून तो ती सोडून देतो. 'लॉगरोटेट -डी' ने, स्मॉल डी, काहीही न बदलता तो काय करणार होता ते वाचता येतं. सुडोच्या फाईलींसाठी नेहमी 'व्हिसुडो -एफ' वापरा आणि सेव्ह केल्यावर 'व्हिसुडो -सी', दोन्ही अक्षरं स्मॉल. सुडोअर्समधली व्याकरणाची चूक तुमचे सुडोचे अधिकार काढून घेऊ शकते आणि रूटचा पासवर्ड हाताशी नसेल तर परतीचा रस्ता अवघड होतो.

ऑप्शन टाइप करताना

वेबवरून उचललेल्या कमांडमध्ये दोन साध्या डॅशच्या जागी एक लांब डॅश आलेला असतो, सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार. डोळ्याला फरक जाणवत नाही, प्रोग्रामला मात्र तो ऑप्शनच वाटत नाही. विंडोजवर लिहून आणलेल्या फाईलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर येतं आणि व्हॅल्यूला चिकटतं. 'कॅट -ए' मध्ये ए कॅपिटल देऊन फाईल वाचली, की हे दोन्ही उघडे पडतात: विंडोजच्या ओळी '^एम$' अशा संपतात.

एकेरी अक्षरांचे ऑप्शन एकत्र लिहिता येतात, पण ज्याला पुढे व्हॅल्यू लागते तो शेवटी हवा. 'टार -सीएफव्ही' लिहिलं तर एफ नंतरचं व्ही हेच अर्काइव्हचं नाव होतं आणि व्ही नावाची फाईल तयार होते. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये स्मॉल पी आणि पासवर्ड यांच्यात स्पेस सोडली, तर तो शब्द डेटाबेसचं नाव म्हणून घेतला जातो. पासवर्ड तिथे लिहूच नये हे जास्त बरं: कमांड लाईनवरचं सगळं 'पीएस' करणाऱ्या इतर युजरनाही दिसू शकतं. ६०० परवानगीच्या फाईलीत ठेवा आणि ती 'डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाईल' या ऑप्शनने द्या. मात्र हा ऑप्शन कमांडमध्ये पहिलाच हवा, नंतर दिला तर तो चालत नाही.

'सुडो एको ... > /ईटीसी/फाईल' हे परवानगी नाकारून थांबतं, कारण फाईल उघडण्याचं काम तुमचं शेल करतं आणि त्याला सुडो लागू नसतो. 'एको ... | सुडो टी फाईल' लिहा, (इथे टी म्हणजे 'टी-ई-ई' या तीन अक्षरांची कमांड) आणि आधीचा मजकूर ठेवायचा असेल तर टी ला -ए द्या. ते विसरलात तर आख्खी फाईल एका ओळीची होते. सुडो तुमची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही सहसा पुढे नेत नाही, त्यामुळे प्रॉक्सीसारखी सेटिंग वाटेत हरवते.

डेटाबेस आणि कर्नल

पोस्टग्रेएसक्यूएल या बाबतीत सगळ्यांत प्रामाणिक आहे. 'पीजी_सेटिंग्ज' या व्ह्यूमध्ये प्रत्येक सेटिंगसमोर ती कुठून आली हे 'सोर्स' आणि 'सोर्सफाईल' या रकान्यांत असतं, आणि 'पेंडिंग_रिस्टार्ट' खरा असेल तर बदल वाचला गेलाय पण रिस्टार्टशिवाय लागणार नाही. 'शेअर्ड_बफर्स' त्याच प्रकारची. पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ मध्ये बदल करूनही काही होत नसेल, तर डेटा डिरेक्टरीतली पोस्टग्रेएसक्यूएल.ऑटो.कॉन्फ बघा. 'ऑल्टर सिस्टिम' ने केलेले बदल तिथे साठतात आणि ती मुख्य फाईलीवर मात करते. ती हाताने बदलू नका. 'ऑल्टर सिस्टिम रिसेट' वापरा.

मायएसक्यूएल ८.० मध्ये तसाच प्रकार 'सेट पर्सिस्ट'चा. व्हॅल्यू डेटा डिरेक्टरीतल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ मध्ये जाते आणि माय.सीएनएफ नंतर वाचली जाते. परफॉर्मन्स_स्कीमामधलं 'व्हेरिएबल्स_इन्फो' हे टेबल प्रत्येक व्हॅल्यूचं मूळ सांगतं. फाईल सर्वांना लिहिता येण्याजोगी असेल तर मायएसक्यूएल ती वाचत नाही, हेही पाहून घ्या.

कर्नलच्या सेटिंगसाठी सिसकंट्रोल.डी. वेगवेगळ्या डिरेक्टरींतल्या फाईली नावाच्या क्रमाने एकत्र लावल्या जातात, डिरेक्टरी कुठली हे त्या क्रमात धरत नाहीत, आणि शेवटची व्हॅल्यू राहते. 'सिसकंट्रोल -पी' फक्त /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ वाचतं, सगळं लावायचं तर '--सिस्टिम'. 'नेट.ब्रिज' ने सुरू होणाऱ्या सेटिंग बूटनंतर गायब दिसल्या, तर 'बीआर_नेटफिल्टर' मॉड्यूल तेव्हा लोड नव्हतं असं समजा आणि त्याचं नाव मॉड्यूल्स-लोड.डी मधल्या एका .कॉन्फ फाईलीत टाका.

अपडेटनंतर

पॅकेज अपडेट झालं आणि तुम्ही बदललेली कॉन्फिग फाईल नव्या आवृत्तीतही बदललेली असली, तर दोघींपैकी एक बाजूला ठेवली जाते. डेबियनवर तुमची फाईल राखली तर नवी '.डीपीकेजी-डिस्ट' म्हणून येते. नवी घेतली तर तुमची '.डीपीकेजी-ओल्ड' होते. आरपीएमच्या जगात '.आरपीएमन्यू' आणि '.आरपीएमसेव्ह'. '.आरपीएमसेव्ह' दिसली तर आधी तीच उघडा, कारण तुमची फाईल उचलून बाजूला ठेवली गेली आहे. 'फाइंड /ईटीसी -नेम' ने चारही शोधता येतात. नमुना अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर तारांकन फाइंडपर्यंत पोहोचण्याआधीच शेल ते उलगडून टाकू शकतं.

/ईटीसी गिटमध्ये ठेवण्यासाठी ईटीसीकीपर चांगलं आहे. पॅकेज बसवण्याआधी आणि नंतर ते आपोआप कमिट करतं. पण गिट फाईलींमधला फरक दाखवतो. नव्या आवृत्तीत प्रोग्रामच्या आतली डिफॉल्ट व्हॅल्यू बदलली, तर फाईलीत एक अक्षरही हलत नाही. त्यासाठी अपडेटच्या आधी एसएसएचडीच्या कॅपिटल टीची यादी एका फाईलीत काढून ठेवा, नंतर पुन्हा काढा आणि दोन्हींवर 'डिफ -यू' चालवा. पोस्टग्रेएसक्यूएलसाठी पीजी_सेटिंग्जमधून नाव आणि व्हॅल्यू, कर्नलसाठी 'सिसकंट्रोल -ए'. कर्नलच्या यादीत सतत बदलणारे मोजणीचे आकडेही असतात, ते गाळून बाकीचा फरक वाचा.